आज्जीच्या माळवदावरची नऊ टन माती

आजचा विषय जरा जड आहे, आणि जड म्हणजे खरंच वजनाने जड.

उमरग्याकडच्या आमच्या गावात आज्जीचं माळवदाचं घर आहे. दोन-अडीच फूट जाड दगड-मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, वर तुळ्या, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर पांढरी माती. मे महिन्यात पंखा बंद असला तरी दुपारी आत झोप लागते. धाराशिवकरांना हे काय सांगायचं!

पण बाबा त्या घरात झोपत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ पासून. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप. हजारो माणसं गेली, ५२ गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. बाबा तेव्हा एकोणीस वर्षांचे. सास्तूरला ढिगारे उपसायला गेले होते. याच्यापुढे ते काही सांगत नाहीत.

मागच्या वर्षी ते म्हणाले, "पाडू आणि स्लॅब टाकू." आज्जी म्हणाली, "मी असेपर्यंत नाव काढू नको."

दोघांच्या मध्ये मी. शिकलो कॉम्प्युटर, सिव्हिल नाही, पण म्हटलं बघू तर खरं. मातीनं माणसं मारली असं आपण म्हणतो. नेमकं काय झालं होतं?

आपल्या भिंती दिसतात एक, पण असतात दोन. बाहेरची दगडांची रांग, आतली रांग आणि मध्ये माती-चुरा. आरपार जाणारा दगड घातलेला नसला की हादऱ्यात दोन्ही रांगा फुगून सुटतात. शिवाय डोक्यावर माळवद. गळलं की वरून नवा थर टाकायचा, जुना काढायचा नाही. (आमच्या ऑफिसातला कोडही असाच आहे, ते सोडा.) आमच्याकडे थर दोन फुटांवर गेला होता. घनमीटरला १६०० किलो धरा. दहा बाय दहाच्या एका खोलीवर जवळपास नऊ टन. त्याखाली आपण गाद्या घालतो.

उलट छपराचा भार भिंतीवर न टाकता मजबूत लाकडी खणांनी पेललेला होता, तिथे भिंती पडूनही माळवद उभं राहिलं, अशीही घरं होती. म्हणजे दोष मातीचा कमी, रचनेचा जास्त. मातीच्या इमारती भूकंपात कशा टिकवायच्या याचं भारतीय मानकही आहे, १३८२७ नंबरचं. साल १९९३च!

आता थोडं लांब जाऊ. पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो देशात गांदो नावाचं गाव आहे. तिथला फ्रान्सिस केरे जर्मनीत आर्किटेक्चर शिकत होता, तेव्हाच गावासाठी मातीची शाळा बांधायला निघाला. गावाला पटेना, पावसात टिकणार कशी? मग मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या विटा केल्या. पोरांनी पायाला दगड वाहिले, बायांनी पाणी आणलं. २००१ मध्ये शाळा उभी राहिली, २०२२ मध्ये केरेला प्रिट्झकर पुरस्कार मिळाला. मला त्यातलं छप्पर आवडलं. विटांच्या छतावर पत्रा, पण मध्ये मोकळी जागा. पत्रा तापतो, वारा मधून जातो, वर्ग थंड राहतो.

हेच घरी मांडलं. सिव्हिलवाल्या मित्राकडून गणित तपासून घेतलं. भूकंपानंतर मजबुतीकरणाची कामं केलेले एक गवंडी काका सापडले. त्यांनी साधारण मीटर-मीटरवर भिंतीत आरपार भोकं केली, सळई घालून काँक्रीट भरलं. माळवदावरची माती उतरवली, चार इंच ठेवली, वर उंचावर पत्रे. खोलीवरचं वजन नऊ टनांवरून दीड टनावर.

माती उतरवताना आज्जी दिवसभर ओट्यावर बसून होती. "तुझ्या आजोबांनी डोक्यावरून नेलीय ती," म्हणाली. त्यातली थोडी तिने तुळशीच्या कुंडीत टाकून घेतली.

काम संपल्यावर बाबा आत आले. खांबाला खांदा लावून बघितला, वर बघितलं, भिंतीतले काँक्रीटचे ठिपके मोजले. दुपारचं जेवण त्यांनी आतच केलं. रात्री मात्र बाज अंगणातच टाकली.