जुनी मोटार आणि तिचे कागद

ज्या घरांत वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची एखादी मोटार अजून उभी आहे, त्या घरांत तिच्याकडे केवळ वाहन म्हणून कोणी पाहत नाहीं. कोणाची तरी वरात तिच्यांतून निघालेली असते, कोणाचें तरी पहिलें मूल इस्पितळांतून तिच्यांतूनच घरीं आलेलें असतें. आणि ती विकून टाकावी असा विषय निघाला कीं वडीलधारीं माणसें एकदम गप्प बसतात. अशी मोटार पुन्हां चालती करण्याची हौस अलीकडे पुष्कळ तरुणांत दिसून येते. ती स्तुत्यच आहे. परंतु त्या हौसेच्या भरांत पहिला हात घातला जातो तो इंजिनाला, आणि कागदांची आठवण होते ती सर्वांत शेवटीं. त्यांतून जें संकट उभें राहतें त्याची पुरी कल्पना फार थोड्यांना असते.

एक उदाहरण घेऊं. समजा, पुण्यांतील एका गृहस्थांकडे १९६८ सालची फियाट ११०० आहे. मुंबईस कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत ही गाडी तयार होई, आणि १९७४ पासून तिलाच पद्मिनी हें नांव मिळालें. १०८९ घनसेंटिमीटरचें चार सिलिंडरांचें इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर, आणि चारी चाकांना ड्रमचे ब्रेक. मुंबईकरांनीं ती काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या वेषांत इतकीं वर्षें पाहिली होती, कीं वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून बंद झाली तेव्हां टॅक्सीवाल्यांशीं जन्मभर भांडलेल्या लोकांनाही हळहळ वाटली.

आतां आमच्या या गृहस्थांची गाडी खंबाटकीच्या घाटांत तापते. बोनेट उघडून, पाणी ओतून, अर्धा तास झाडाखालीं बसल्यावांचून ती सातारा पाहूं देत नाहीं. चिरंजीव इंजिनिअर आहेत. त्यांनीं मोडींत निघालेल्या एका अलीकडील गाडीचें इंजिन व पांच गिअरांची पेटी आणली, एका कुशल मेस्त्रीकडून दोन्ही फियाटच्या पोटांत बसविलीं, आणि जुनें इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यांत ताडपत्रीखालीं ठेवून दिलें. गाडी किल्ली फिरवितांच सुरू होऊं लागली, घाट हंसत चढूं लागली. पीयूसीच्या केंद्रावर नेली तर तपासनीसानें एका मिनिटांत प्रमाणपत्र छापून दिलें. सर्व घर आनंदांत. कायद्याची तृप्ति झाली अशी सर्वांची समजूत.

खरी गोम येथेंच आहे. पीयूसीची परीक्षा म्हणजे काय, तर इंजिन तापवून मंद गतीवर चालूं ठेवावयाचें, मागच्या नळींत शोधक दांडी घालावयाची, आणि बाहेर पडणाऱ्या वायूंत दोन वस्तूंचें प्रमाण मोजावयाचें. एक कार्बन मोनॉक्साइड, दुसरी हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलें इंधन. भारत स्टेज दोनच्या पूर्वींच्या नियमांप्रमाणें बनलेल्या चारचाकी पेट्रोल गाडीला पहिल्याची मर्यादा ३ टक्के, आणि दुसऱ्याची दहा लक्ष भागांत १५०० भाग. भारत स्टेज चारच्या गाडीला हीच मर्यादा ०.३ टक्के आणि २०० भाग इतकी खालीं आलेली आहे. फियाटला तिच्या जन्मसालाप्रमाणें जुनी, ढिली मर्यादा लागते; मग तिच्या पोटांतील नवें इंजिन ती सहज पाळणार यांत नवल तें काय? परंतु त्या यंत्राला नाक आहे, डोळे नाहींत. धूर कसा आहे एवढेंच तें सांगतें. इंजिन कोणाचें हें तें विचारीतही नाहीं.

वास्तविक पाहतां जुनें इंजिनही ही परीक्षा उतरलें असतें, आणि तें कसें हें समजून घेण्यासारखें आहे. पेट्रोल पुरतें जळावयास वजनानें एका भागाला सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली कीं कार्बन अर्धवट जळतो आणि मोनॉक्साइड वाढतो. म्हणून पहिली पाहणी हवेच्या गाळणीची. वर्षानुवर्षें न बदललेली गाळणी म्हणजे तोंडावर उशी दाबून धरण्यासारखेंच आहे. मग चोकची झडप अर्धवट अडकून तर राहिली नाहीं ना, कार्ब्युरेटरच्या फ्लोटमधील पेट्रोलची पातळी वाजवीपेक्षां उंच नाहीं ना, हें पाहावें. आणि सरतेशेवटीं मिश्रणाचा तो लहानसा स्क्रू फिरवावा. पुष्कळ लोक आरंभच त्या स्क्रूपासून करतात. हें पाया घालण्यापूर्वीं कळस चढविण्यासारखें आहे. दुसरा दोष हायड्रोकार्बनचा. तो बहुधा ठिणगीच्या दुर्बलतेमुळें होतो: झिजलेले पॉइंट, काजळीनें माखलेले प्लग, चुकलेलें टायमिंग. एखादा सिलिंडर मधूनच पेट घेत नाहीं, आणि त्यांतलें पेट्रोल जसेंच्या तसें बाहेर जातें. मात्र मागून निळसर धूर येत असेल तर स्क्रूचा किंवा प्लगचा उपयोग नाहीं. रिंगा झिजून ऑइल वर चढत आहे असें समजावें, आणि इंजिन उघडण्याची तयारी ठेवावी.

इंधनही आतां तें राहिलेलें नाहीं. शिसें घातलेलें पेट्रोल आपल्या देशांत १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालें. त्या शिशाच्या आधारावर जुन्या इंजिनांच्या झडपांच्या बैठका टिकत असत. इंजिन उघडलेंच तर त्या कठीण धातूच्या बसवून घेणें शहाणपणाचें. पुढें पेट्रोलमध्यें इथेनॉल आलें, आणि २०२५ सालीं त्याचें प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोंचलें. इथेनॉलच्या अंगीं स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळें मोनॉक्साइड थोडा उतरतो हें खरें. पण तें जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातें, हवेंतील पाणी ओढून टाकी गंजवितें. साठ वर्षांची नळी इंजिनाच्या उष्णतेजवळ पाझरूं लागली तर प्रश्न परीक्षेचा राहत नाहीं, आगीचा होतो. तीं रबरें आधीं बदलावीं.

धुराचें प्रकरण येथें संपतें, आणि कागदांचें सुरू होतें. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पांच वर्षांनीं ती नवी करून घ्यावी लागते, आणि त्यासाठीं गाडी प्रादेशिक परिवहन कार्यालयांत, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेल्या आरटीओंत, प्रत्यक्ष न्यावी लागते. तेथील निरीक्षक पुस्तक उघडून चेसिसचा नंबर पाहतो आणि इंजिनाचा नंबर पाहतो. आमच्या गृहस्थांची गाडी येथें अडते. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या ५२ व्या कलमाचा आशय असा आहे कीं, निर्मात्यानें मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाहून नोंदणीपुस्तकांतील तपशील भिन्न होईल असा फेरफार मालकानें करूं नये. केरळांतून आलेल्या एका प्रकरणांत जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें याच अर्थावर शिक्कामोर्तब केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें शिक्षाही ठरली: बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. इंजिन एक, गिअरची पेटी दुसरी. हिशेब ज्याचा त्यानें करावा.

कोणी म्हणेल, गाडी पन्नास वर्षांहून जुनी आहे, तिला ऐतिहासिक वाहन म्हणून सवलत मिळेल. अशी तरतूद खरोखरच आहे. केंद्र सरकारनें १५ जुलै २०२१ रोजीं व्हिंटेज वाहनांचे स्वतंत्र नियम प्रसिद्ध केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी त्यांत बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, फेरनोंदणीची ५००० रुपये, मुदत दहा वर्षें. नव्यानें नोंदलेल्या गाडीच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए हीं अक्षरें येतात. पूर्वीं नोंदलेल्या गाडीला मात्र आपला जुना नंबर राखतां येतो, आणि ज्या घरांतील मुलांना तो नंबर पाढ्यासारखा पाठ आहे त्यांना ही गोष्ट लहान वाटणार नाहीं. परंतु अट अशी कीं गाडी मूळ स्वरूपांत असली पाहिजे. चेसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत बदल झालेला असेल तर ती गाडी या वर्गांत येत नाहीं. शिवाय या वर्गांतील गाडी रोजच्या कामाला वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, संशोधन, पेट्रोल भरणें, दुरुस्ती, अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर यावयाची.

म्हणजे फेरफार केलेली जुनी मोटार त्रिशंकूसारखी मध्येंच लोंबकळते. साधी गाडी म्हणावी तर ५२ वें कलम आडवें येतें, ऐतिहासिक म्हणावी तर तिचें हृदयच परक्याचें आहे. आणि चमत्कार असा कीं, तिचा धूर मूळच्या धुराहून स्वच्छ आहे! येथें कायद्याचा प्रश्न थोडा चुकतो असें म्हणणें भाग आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, जेथें १९४३ सालीं लॉस एंजेलिस शहर धुरकटीनें घेरलें गेलें आणि जेथले धुराचे नियम आज कडक म्हणून प्रसिद्ध आहेत, तेथें १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना धुराची नियतकालिक तपासणी माफ आहे. आणि त्यापुढच्या गाडीला इंजिन बदलावयाचें असेल तर तें गाडीच्याच सालचें किंवा त्याहून नवें, आणि धूर आवरण्याच्या आपल्या सर्व साधनांसह असावें, एवढीच मुख्य अट. सरकारनें नेमलेला पंच तें पाहून गाडीवर तशी चिठ्ठी लावतो. असा पंच आपल्याकडे असता तर पुष्कळ प्रामाणिक माणसें दलालांच्या दारांत गेलीं नसतीं.

तथापि आपल्या कायद्याची भीति सर्वस्वीं निराधार आहे असेंही नव्हे. चोरीच्या गाडीचें इंजिन दुसऱ्या गाडींत लपविणें हा जुना धंदा आहे. शिवाय १०८९ घनसेंटिमीटरच्या वेगासाठीं बनविलेल्या ड्रमच्या ब्रेकांवर दीडपट शक्तीचें इंजिन लादलें, तर घाट चढतांना जो आनंद होतो त्याचा हिशेब उतरतांना द्यावा लागतो. आमच्या चिरंजीवांनीं ब्रेकांकडे पाहिलें नव्हतें, हें श्रोत्यांच्या ध्यानांत आलेंच असेल.

फेरफाराच्या ज्या वाटा कायद्यानें उघड्या ठेवल्या आहेत त्या थोड्या आहेत. गॅसवर चालण्याचा मान्यताप्राप्त संच अधिकृत कारखान्यांत बसवून त्याची पुस्तकांत नोंद करतां येते. विजेचा संचही बसवितां येतो, मात्र तो चाचणीसंस्थेनें संमत केलेला असला पाहिजे. पण वडिलांच्या फियाटचा आवाजच ज्यांना हवा आहे त्यांना यांतलें कांहींच नको असतें.

त्यांच्यासाठीं उपाय कोपऱ्यांतील ताडपत्रीखालीं आहे. इंजिनाचा नंबर असतो तो ब्लॉकवर. ब्लॉक तोच ठेवून आंतील पिस्टन, रिंगा, झडपा, बेअरिंगें हीं सर्व नवीं घालणें याला दुरुस्ती म्हणतात, फेरफार म्हणत नाहींत. घाटांत तापण्याचें कारणही बहुधा इंजिनांत नसतें. रेडिएटरच्या नळ्यांत साठ वर्षांचा क्षार बसलेला असतो, किंवा थर्मोस्टॅट अडकलेला असतो. रेडिएटर उघडून त्याचा गाभा नवा करून घ्यावा. परकें इंजिन शोधण्यांत आणि बसविण्यांत गेले तितके दिवस याला लागत नाहींत.

ब्लॉकच फुटला असेल, किंवा कोणी उत्साहानें तो भंगारवाल्याला दिला असेल, तर त्याच बनावटीच्या आणि त्याच जातीच्या दुसऱ्या फियाटचें इंजिन शोधावें. तें घेतांना विकणाऱ्याकडून पावती, आणि तें ज्या गाडींतून निघालें तिच्या पुस्तकाची नक्कल मागून घ्यावी. नंतर आरटीओची मान्यता, आणि मान्यतेनंतर पाना. आधीं बसवून मग अर्ज करणें म्हणजे वरातीमागून घोडें. मान्य झालेला बदल केल्यावर १४ दिवसांच्या आंत तो कळवून नवा नंबर पुस्तकांत चढवून घ्यावा लागतो. हे चौदा दिवस गाडी चालूं झाल्याच्या आनंदांत निघून जातात, म्हणून दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावी.

तपासणीच्या आदल्या दिवशीं आणखी एक काम करावें. चेसिसवरील आणि इंजिनावरील नंबरांवर ग्रीस, धूळ आणि रंगाचे थर चढलेले असतात. रॉकेलांत भिजविलेल्या फडक्यानें ते हळू हातानें पुसावेत. कानस किंवा पॉलिशपेपर लावूं नये, कारण घासलेला आंकडा खोटा केल्यासारखा दिसतो. मग त्यावर कागद धरून पेन्सिलीनें ठसा उमटवावा आणि पुस्तकांतील आंकड्यांशीं अक्षरशः ताडून पाहावा. जुन्या हस्तलिखित पुस्तकावरून नवी नोंद करतांना तीनाचा आठ झालेला असणें अशक्य नाहीं; तसें आढळल्यास गाडी नेण्यापूर्वींच मूळ पुस्तकासह दुरुस्तीचा अर्ज द्यावा.