समुद्राखालचा देश
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कमिटी म्हणाली, ‘काका, तुम्ही हॉलंडला राहून आलात, त्यावर बोला.’ मुलगा तिकडे नोकरीला, म्हणून आम्ही दोघं तीन उन्हाळे राहून आलो. ट्युलिपच्या बागा तुम्ही फोटोत पाहिल्यात, त्या सोडतो. मी पाण्याबद्दल बोलणार.

देशाचं खरं नाव नेदरलँड्स, म्हणजे सखल प्रदेश. आकाराने महाराष्ट्राच्या साधारण सातवा हिस्सा आणि त्यातली जवळजवळ पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली. आपलं विमान जिथे उतरतं त्या शिफोलच्या जागी पूर्वी मोठं सरोवर होतं. वाफेच्या पंपांनी उपसून १८५२ साली ते कोरडं केलं.

आपल्याला हे नवं नाही. कोपरखैरणेतही खाडीकाठी मिठागरं आणि भातखाचरंच होती. सिडकोने नवी मुंबईत होल्डिंग पॉण्ड बांधले ते डच पद्धतीनेच. भरतीला झडपा बंद, पावसाचं पाणी तळ्यात थांबतं, ओहोटीला खाडीत जातं.

पण मला भावलं ते वेगळंच. तिथे तेराव्या शतकापासून पाणी-मंडळं आहेत. बांध सांभाळायला शेतकरी एकत्र आले, म्हणजे आपल्यासारखी सोसायटीच की! जुना कायदा असा, की आपल्या वाट्याचा बांध राखणं जमलं नाही तर त्यात फावडं रोवून गाव सोडायचं. जो फावडं उपटेल त्याची जमीन, आणि बांधही त्याच्याच गळ्यात. (आम्हा बँकवाल्यांच्या वसुलीच्या नोटिसांपेक्षा हे सुटसुटीत!) तरी १९५३च्या फेब्रुवारीत वादळात बांध फुटले आणि १८३६ माणसं गेली. आजही मंडळांची निवडणूक होते, कर वेगळा असतो. मुलगा चौथ्या मजल्यावर भाड्याने राहतो, तरी त्याला तो येतो. मी विचारलं, ‘तुझ्या घरात कुठलं पाणी येणार?’ तो म्हणाला, ‘बाबा, जिना तर खालूनच आहे ना?’

मी गप्प झालो. कारण २६ जुलै २००५ नंतरच्या आपल्या सभेत पंपाच्या वर्गणीला विरोध करणारा मीच होतो. ‘तळमजल्याचं पाणी तळमजल्याने उपसावं,’ हे माझं वाक्य इतिवृत्तात आहे. वर्गणी भरली, पण कुरकुरत. त्या रात्री ज्यांच्या घरात गुडघाभर पाणी होतं, त्या तळमजल्याच्या वहिनी आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत.

वहिनी, तेव्हा चुकलं माझं.