गोधडी : मायेची भेट आणि हातांचे मोल

(महिला मंडळांच्या सभासद, ग्रामसेवक व प्राथमिक शिक्षक यांच्या मेळाव्यातील भाषण)



बाळंतविडा हा शब्द आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. लेक माहेरी बाळंत झाली की बारशाच्या दिवशी आजी, आत्या, मावशी व शेजारणी यांच्याकडून अंगडी, टोपडी, कुंची आणि दुपटी येतात. अंगडे-टोपडे आता बहुधा दुकानातून आणले जाते. दुपटे मात्र अजूनही पुष्कळ घरांत आजीच्याच हातचे असते. यामागे केवळ काटकसर आहे असे समजणे योग्य होणार नाही. नव्या कापडाला खळ असते व ते अंगाला टोचते. शेकडो वेळा धुतलेले सुती लुगडे मऊ झालेले असते आणि ओल चटकन शोषून घेते. तान्ह्या बाळाच्या कातडीला तेच मानवते. शिवाय ते लुगडे घरातील कोणी तरी नेसलेले असते. पणजीच्या पदराची ऊब अशा रीतीने पणतवंडापर्यंत पोहोचते.

या वस्तूला ठिकठिकाणी निरनिराळी नावे आहेत. देशावर ती गोधडी, कोल्हापूर-बेळगावकडे वाकळ आणि कानडी मुलखात कौदी होय. वडोदऱ्याच्या मराठी घरांना शेजारची गुजराती गोदडी परकी वाटत नाही आणि इंदूर-ग्वाल्हेरकडील मंडळी गुदडी हा शब्द सहज वापरतात. नावे बदलली तरी कृती बव्हंशी एकच आहे. जुनी लुगडी व धोतरे स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर अंथरतात. खाली सलग कापड, मध्ये विरलेल्या कापडांचे थर आणि वर निवडक तुकडे अशी मांडणी असते. कापड हलू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवून प्रथम लांब कच्चे टाके घालतात. मग धावदोऱ्याच्या जवळजवळ ओळी चालू होतात. दोरा फार ताणला तर गोधडी चुरगळते आणि सैल ठेवला तर आतले थर धुताना गोळा होतात. हा अंदाज पुस्तकातून येत नाही. जाणत्या बाईच्या शेजारी बसूनच तो हाताला लागतो. थरांमध्ये अडकून राहिलेली हवा थंडी रोखते. गोधडीच्या उबेचे शास्त्रीय कारण एवढेच आहे.

या कलेचे एक आगळे रूप आपल्या अगदी जवळ, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर व मुंडगोड या भागांत पाहावयास मिळते. तेथील सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून या किनाऱ्यावर आले. त्यांतील अनेकांना पोर्तुगीज काळात गुलाम म्हणून गोव्यात आणण्यात आले होते व काहींनी तेथून निसटून घाटावरच्या रानात आश्रय घेतला. या समाजातील स्त्रिया आपल्या गोधडीला कवंद म्हणतात. त्या एका कडेपासून शिवण्यास आरंभ करून चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याशी येतात. कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांचे तुकडे बसवितात, त्यांना फुले म्हणतात. फुलांवाचून कवंद उघडे वाटते, अशी त्यांची भावना आहे. सिद्दी हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. म्हणून एखाद्या कवंदावर चंद्रकोर दिसते, तर एखाद्यावर क्रूस. शिवणीची रीत मात्र सर्वांची एकच आहे. नातवंडांसाठी शिवलेली ही कवंदे 2011 साली अमेरिकेतील सॅनफ्रान्सिस्को येथील आफ्रिकन डायस्पोरा संग्रहालयाच्या प्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा घरच्या अंथरुणाला कलावस्तूचा मान मिळाला.

या मानाबरोबर एक प्रश्नही उभा राहतो आणि आजच्या मेळाव्यात त्याचाच विचार व्हावयास हवा. आजी नातवासाठी गोधडी शिवते तेव्हा ती तासांचा हिशोब मांडीत नाही, आणि तिने तो मांडूही नये. परंतु तीच आजी किंवा तिची सून शहरातील दुकानासाठी गोधडी शिवू लागते, तेव्हाही तिच्या तासांचा हिशोब कोणी मांडीत नाही. “चिंध्या तर घरच्याच, दोऱ्याचे पैसे धरा आणि वर थोडे घ्या,” असे तिला सांगितले जाते. मायेपोटी जे फुकट दिले जाते, ते विक्रीतही फुकटच धरले जाते. हा अन्याय आहे, आणि तो गोड शब्दांत होत असल्यामुळे सहसा ध्यानात येत नाही.

उपाय अवघड नाही. प्रत्येक भगिनीने विक्रीची गोधडी शिवताना रोज किती तास बसलो, हे वहीत टिपून ठेवावे. समजा, एका गोधडीस 60 तास लागले आणि कामाचा दिवस 8 तासांचा धरला, तर साडेसात दिवसांची मजुरी झाली. आपल्या राज्यात लागू असलेल्या किमान वेतनाच्या दराने ती रक्कम काढावी, त्यात दोरा, कापड व वाहतूक मिळवावी आणि मगच किंमत सांगावी. बचत गटांना सल्ला देणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा हिशोब स्वतः तपासून पाहावा. ग्रामसेवकांनीही प्रदर्शनात गोधडी मांडताना तिच्यावर दराबरोबर तासांची चिठ्ठी लावावयास सांगावे. घासाघीस करणारा ग्राहक ती चिठ्ठी वाचून निदान क्षणभर थांबेल.

कापडाविषयीही सावध राहावयास हवे. घरात सुती लुगडी कमी होत चालली आहेत आणि कृत्रिम धाग्याच्या साड्या साठत आहेत. त्या निसरड्या असतात, घाम शोषत नाहीत आणि विस्तवाजवळ वितळून अंगाला चिकटतात. बाळाच्या दुपट्यात त्यांचा एकही थर घालू नये. आजीची सुती साडी भांडी घेऊन बोहारणीला देण्यापूर्वी घरात एकदा विचारावे.

शिक्षकबंधूंना एक विनंती आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची कल्पना मांडली आहे. त्यातील एक दिवस गावातील गोधडी शिवणाऱ्या आजींना शाळेत बोलवावे. त्रिकोण, चौकोन आणि समांतर रेषा मुलांना तेथे हाताने करून पाहता येतील. मुलींबरोबर मुलांच्याही हाती सुई द्यावी. ज्याने स्वतः एक वीतभर धावदोरा घातला आहे, तो मोठेपणी गोधडीची किंमत करताना कष्ट विसरणार नाही.

आपल्या माणसांना गोधडी जरूर द्यावी आणि तिचे मोल कधी विचारू नये. परक्याला विकताना मात्र तिचे पुरते मोल घ्यावे. बाळंतविड्यातील दुपट्याचा आणि बाजारातील गोधडीचा मान राखण्यास एवढा भेद पाळणे पुरेसे आहे.