पगारातून कापले जाते ते जाते कुठे?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठा विषय न घेता, आपल्या मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या मुलींच्या पगाराच्या चिठ्ठीविषयीच बोलते.

शेजारच्या मुलीची चिठ्ठी आम्ही दोघींनी बसून वाचली. पगार १८,०००, त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १५,०००. त्यावर शेकडा १२ प्रमाणे १,८०० भविष्यनिर्वाह निधीत, म्हणजे पीएफमध्ये गेलेले. "काकू, एवढे बुडाले!" ती म्हणाली. अगं, बुडाले कुठे? मालकालाही तेवढेच पदरचे घालावे लागतात. त्याच्या वाट्यातले १,२५० निवृत्तिवेतनाच्या खात्यात जातात आणि ५५० तिच्या पीएफमध्ये.

पुढे राज्य कामगार विम्याचे १३५. मालकाचे त्यात ५८५. आजारपणातले औषधपाणी त्यातून होतेच, शिवाय पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगाराइतके पैसे मिळतात. एवढ्या पैशांत हे काही महाग नव्हे.

शेवटी व्यवसाय कर २००. हा कर १९७५ च्या कायद्याचा, रोजगार हमीच्या कामांसाठी बसविलेला. पुरुषांना दहा हजारांवर महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० पडतात. पण बायकांना १ एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे! मग हिचे का कापले? मुलीने कचेरीत जाऊन धीटपणे विचारले. कपात थांबली. मागच्या दहा महिन्यांचे २,१०० मात्र अजून परत यावयाचे आहेत.

आता आपल्यातल्या पापड, कोकम, शिवण करणाऱ्या. आपल्याला मालक नाही, म्हणजे भर घालणाराही नाही. वकील-डॉक्टर आपला व्यवसाय कर वर्षाला २,५०० स्वतःच भरतात. म्हातारपणाची तरतूद ज्याची त्यानेच पाहावयाची. १८ ते ४० वयाच्या आणि महिना पंधरा हजारांच्या आत मिळविणाऱ्यांसाठी २०१९ साली श्रमयोगी मानधन योजना निघाली. तिच्यात आपण भरू तेवढेच सरकार भरते आणि साठीनंतर महिना ३,००० मिळतात. माझे वय टळले, सुनांनी विचार करावा.

चिठ्ठी मिळत नसेल तर मागून घ्यावी. पीएफचा बारा आकडी नंबर जपून ठेवावा, आणि कापलेले पैसे खात्यावर चढले का, हे दर महिन्याला मोबाइलवर पाहावे. कापून न भरणारेही असतात. गुरुवारी दुपारी चिठ्ठ्या घेऊन मंडळात या. एकत्र बसून वाचू.