माजी सैनिकांचे मंडळ आणि गावाची हजेरी



ज्या शाळेत मी अक्षर गिरवले, त्याच शाळेत आमच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मृतिव्याख्यानासाठी उभे राहताना मनात संकोच दाटून येतो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही आणि सैनिकही नाही. मात्र पन्नासाहून अधिक वर्षे मी आमच्या गावच्या माजी सैनिक मंडळाचे कागद लिहीत आलो. त्या कामावर मला सरांनीच धाडले होते. त्यामुळे त्यांच्या स्मरणाच्या दिवशी त्या मंडळाविषयी बोलावे, हेच मला उचित वाटले.

आपल्या भागाचा आणि लष्कराचा संबंध जुना आहे. मराठा पलटणींची परंपरा १७६८ पासूनची. त्यांचे प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून बेळगावला आहे. कॅम्पातील बिगुलाचा आवाज ऐकतच आपल्या तालुक्यातील कित्येक पिढ्या वाढल्या. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेले. १९४१ साली केरेनच्या डोंगरात आणि पुढे इटलीत आपली माणसे लढली. १९४५ च्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवरील लढाईत नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, हे आपण पाठ्यपुस्तकाबाहेरही अभिमानाने सांगतो.

परंतु युद्ध संपताच सैन्य कमी करण्यात आले. शिपायाला निवृत्तीवेतन मिळण्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांची नोकरी लागे. चार-सहा वर्षे लढून परतलेल्या तरुणाच्या हाती पदके आली, काळी पत्र्याची ट्रंक आली, पण दरमहा येणारा पैसा आला नाही. आमच्या गावचे मंडळ अशाच माणसांनी उभे केले. घटना नव्हती, नोंदणी नव्हती. देवळामागची एक कौलारू खोली, दोन बाके, एक कंदील आणि पत्त्यांचा जोड, एवढीच मालमत्ता. पुढे बासष्ट, पासष्ट आणि एकाहत्तरच्या युद्धांतून आलेली मंडळी त्यात मिसळली. १९६४ साली जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने माजी सैनिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. तिची वार्ता ऐकून आमच्या खोलीवरही रंगवलेली पाटी लागली. गावकरी मात्र तिला 'पेन्शनरांची खोली' असेच म्हणत. वास्तविक तिच्या संस्थापकांपैकी बहुतेकांना पेन्शन नव्हते!

या खोलीविषयी गावाचे मत फारसे चांगले नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेथे पत्ते चालत, कॅन्टीनची रम येई, त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा लढल्या जात. माझी आजी मला तिकडे फिरकू देत नसे. परंतु त्या पत्त्यांच्या डावाचा एक नियम होता. संध्याकाळी डाव मांडण्यापूर्वी सुभेदार मामा सर्वांवरून नजर फिरवीत. जो आला नसेल त्याच्या घरी कोणीतरी जाऊन येई आणि मगच पाने वाटली जात. कोणाला ताप आहे, कोणाचा मुलगा भांडून वेगळा झाला, कोणाच्या घरी धान्य संपले, हे सारे त्या हजेरीतून कळे.

मंडळापुढील मोठी अडचण होती ती कागदांची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. तालुक्याच्या कचेरीतील व्यवहार हळूहळू कन्नडमधून होऊ लागला, लष्कराची पत्रे इंग्रजीत येत आणि घरात बोलणे मराठी. निवृत्तीवेतनाचा कागद गावातून पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात, तेथून अलाहाबादच्या लेखा कार्यालयात आणि तेथून परत येई. या तिन्ही भाषांमधून वाट काढणारे माणूस गावात नव्हते. मामांनी सरांना गाठले. सरांनी अक्षर बरे असलेल्या चार मुलांना दर रविवारी खोलीवर पाठवायला सुरुवात केली. इंग्रजी मसुदा सर स्वतः करीत आणि नावे, तारखा, क्रमांक आम्ही भरीत असू.

१९७२ साली मी नववीत होतो. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. १९६६ मध्ये निवृत्त झालेले एक हवालदार त्या उन्हाळ्यात वारले. त्यांच्या पत्नी कुटुंब निवृत्तीवेतनाच्या अर्जासाठी खोलीवर आल्या. त्यांना मी मावशी म्हणत असे. मामांची आम्हांला सक्त ताकीद होती : 'बाईचा कागद लिहिताना माहेरचं नाव विचारल्याशिवाय लेखणी उचलायची नाही.' आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत. शिपाई रजेवर येऊन लग्न करी आणि पलटणीत परतल्यावर पत्नीचे नाव नोंदवी. कधी माहेरचे, कधी सासरचे, जे तोंडात येईल ते. नुकत्याच विधवा झालेल्या, डोक्यावर पदर ओढून बसलेल्या बाईला माहेरचे नाव विचारणे मला अवघड वाटले. मी शिधापत्रिकेवरचे नाव उतरवून काढले आणि अर्ज रवाना झाला.

चार महिन्यांनी तो परत आला. पलटणीच्या नोंदीतील पत्नीचे नाव निराळे आहे, असा शेरा होता. आम्ही दाखला जोडून पुन्हा पाठविला, तेव्हा दाखल्यावरील सहीची शंका निघाली. या साऱ्यात दोन वर्षे गेली. चूक माझी होती, हे मी मामांना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'आता हिचा कागद हातात पडेपर्यंत तुझी सुट्टी नाही.' सरांनी एक शब्दही न बोलता माझ्याकडून तो अर्ज तीनदा नव्याने लिहून घेतला आणि प्रत्येक वेळी मला सायकलवरून कॅम्पात पाठविले.

त्या दोन वर्षांत मावशींचे घर कोणी चालविले? मंडळातील प्रत्येकजण महिन्याला दोन-पाच रुपये काढी. ज्यांना स्वतःला निवृत्तीवेतन नव्हते, तेही काढीत. मात्र वहीत त्या रकमेपुढे 'मदत' असे कधी लिहिले गेले नाही. मामांनी मला 'उसनवार' असा शब्द लिहायला लावला. मी कारण विचारले तेव्हा म्हणाले, 'मदत घेतली तर ती उद्या इकडं यायची नाही. उसनं घेतलं तर फेडायला तरी येईल.' १९७४ मध्ये थकबाकीसह निवृत्तीवेतन मंजूर झाले. मावशींनी खोलीवर येऊन पै न् पै मोजून दिली. मी मान खाली घालून बसलो होतो. त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, 'बाळा, लग्नानंतर माझं माहेरचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तुझ्या चुकीनं ते सरकारला तरी कळलं.' त्या वाक्याने माझे समाधान झाले नाही. दोन वर्षांतील त्यांचे हाल मी पाहिले होते. पण त्या दिवसापासून नाव विचारायला मी कधी लाजलो नाही.

पुढे काळ बदलला. २००३ साली माजी सैनिकांसाठी आरोग्य योजना आली. २०१५ मध्ये 'एक हुद्दा, एक निवृत्तीवेतन' याचा आदेश निघाला. २०१४ पासून हयातीचा दाखला अंगठ्याच्या ठशावर संगणकातून काढता येऊ लागला आणि आता निवृत्तीवेतनाचा सारा व्यवहार 'स्पर्श' या प्रणालीत गेला आहे. या सोयींचे मी स्वागतच करतो. परंतु आयुष्यभर नांगर धरलेल्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र त्या ओळखत नाही. मोबाईलवरचा सांकेतिक क्रमांक पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलाच्या फोनवर जातो. नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या खोलीसमोर आजही रांग लागते. आता कंदिलाच्या जागी संगणक आहे आणि त्यापुढे याच शाळेत शिकलेली एक मुलगी बसते. तिलाही मी पहिली गोष्ट हीच शिकविली : माहेरचे नाव विचार.

आता एका नव्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधतो. २०२२ साली अग्निपथ योजना सुरू झाली. तिच्यातील बहुतांश मुले चार वर्षांनी परत येणार. त्यांना एकरकमी पैसे मिळतील, परंतु निवृत्तीवेतन नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. योजना बरी की वाईट, याचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. पण या मुलांना सभासद करून घ्यावे की नाही, यावर आमच्या मंडळात वाद झाला. काही जणांचे म्हणणे पडले की निवृत्तीवेतनधारक नाही तो माजी सैनिक कसला? तेव्हा मी मंडळाची जुनी वही काढली आणि पहिल्या पानावरची नावे वाचून दाखविली. त्यांतील बहुतेक चार-सहा वर्षांत परतलेले होते. निर्णय अजून व्हायचा आहे. मला तो काय व्हावा असे वाटते, हे आपण ओळखले असेलच.

ऐन तरुण वयात घरी येणाऱ्या या मुलांना कागदाची गरज कदाचित कमी पडेल. ती आपल्यापेक्षा शिकलेली असतील. पण संध्याकाळी डावाला कोण आले नाही, हे पाहणारे कोणीतरी त्यांनाही लागेल. गावातील अशा मंडळाचे सामाजिक कार्य मी यातच पाहतो. २६ जानेवारीचे संचलन, स्मारकावरचे पुष्पचक्र यांचे महत्त्व आहेच, पण ते वर्षातून एक-दोन दिवसांचे काम. हजेरी रोज घ्यावी लागते.

सरांनी चार मुलांना रविवारी त्या खोलीवर पाठविले, त्याची नोंद शाळेच्या कोणत्याही अहवालात नाही. त्यांच्या स्मृतीसाठी काही करायचे असेल, तर या शाळेने पुन्हा दर रविवारी चार मुले आमच्याकडे धाडावीत, एवढी विनंती मी संस्थाचालकांना करतो. बसायला बाक आहे, चहाची सोय आहे.