श्रद्धा, नीती आणि सत्ता

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)





काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या मुलाखत समितीवर मी होतो. विज्ञानाच्या जागेसाठी आलेल्या एका तरुणाचा पाठ सर्वांत सरस झाला. शेवटी एका सभासदाने विचारले, "तुमचा देवावर विश्वास आहे ना?" तो शांतपणे म्हणाला, "नाही." तो बाहेर गेल्यावर प्रश्न निघाला : ज्याला अल्लाची भीती नाही, तो मुलांना नीती काय शिकवणार? मी गप्प राहिलो. त्याची निवड झाली नाही. ते गप्प राहणे मला अजून बोचते. तेव्हा जे बोललो नाही, ते आज बोलणार आहे.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. चांगले-वाईट माणसाच्या अकलेला कळते, असे मुअतझिला पंथाचे विद्वान म्हणत. अल्लाचा हुकूम आहे म्हणूनच एखादी गोष्ट चांगली, असे अशअरी विद्वानांचे मत. मातुरीदी पंडितांनी दोहोंमधली वाट काढली. हजार वर्षांपूर्वी आपल्या मदरशांतून जो प्रश्न मोकळेपणाने चर्चिला गेला, त्याची आज आपण धास्ती का घ्यावी?

सीरतच्या ग्रंथांत 'हिल्फुल फुदूल' या कराराची हकीकत आहे. येमेनहून आलेल्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतील एका बड्या माणसाने घेतला व पैसे बुडवले. तेव्हा अब्दुल्ला बिन जुदआन यांच्या घरी काही मंडळी जमली आणि अन्याय झालेला कोणीही असो, त्याच्या बाजूने उभे राहायचे, अशी त्यांनी शपथ घेतली. हे लोक मूर्तिपूजक होते. तरुण वयातील पैगंबरसाहेब (स.) त्या बैठकीत हजर होते. पुढे नबुवत मिळाल्यावरही त्यांनी त्या कराराची आठवण अभिमानाने काढली आणि आजही तशी हाक आली तर मी धावून जाईन, असे सांगितले. करार करणाऱ्यांचा अकीदा कोणता, हे त्यांनी आड येऊ दिले नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात 1923 साली रावबहादूर बोले यांनी मांडला व तो मंजूर झाला. महाड नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्यांच्या लोकांवर लाठ्या चालल्या. मारणारे देव मानणारेच होते. त्या दिवशी अनेकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, तेव्हा जागा मिळेना. ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. तळ्याचा हक्क हायकोर्टात कायम व्हायला मार्च 1937 उजाडले.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. देवावरील श्रद्धेने हात आपोआप आवरला जात नाही, ही एक. आणि कायद्याची सत्ताही नुसत्या कागदाने चालत नाही. ती स्वतःच्या अंगावर झेलणारी माणसे लागतात, ही दुसरी. बाबासाहेबांनी 1956 साली जो धम्म स्वीकारला, त्यात ईश्वराला स्थान नाही. ती जागा नीतीला आहे. आपल्या गावोगावच्या बौद्ध वाड्यांतील माणसांबरोबर आपण रोज देणे-घेणे करतो. त्यांचा शब्द आपल्या शब्दाहून हलका आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल काय?

दुसऱ्यांकडे बोट दाखवणे सोपे. आपल्या घरात काय चालते? मुलीला वारसा द्यावा, हा कुरआनचा स्पष्ट हुकूम. तरीही बाप गेल्यावर भाऊ बहिणीला गाडीतून तालुक्याला नेतात आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतात. "बहीण राजीखुशीने देते," असे म्हणतात. राजीखुशी नसती तर तिला माहेर उरले असते का, हे कोणी विचारत नाही. हे सर्व नमाजी लोक करतात. अल्लाचा हुकूम ठाऊक असून, त्यावर ईमान असूनही हे घडते.

सत्तेविषयी एवढेच सांगतो. 17 ऑक्टोबर 1949 रोजी घटना समितीत ह. वि. कामत यांनी राज्यघटनेच्या उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, अशी दुरुस्ती मांडली. ती 41 विरुद्ध 68 मतांनी नामंजूर झाली. विरोध करणाऱ्यांत स्वतः श्रद्धाळू असलेलेही होते. घटना लोकांच्या नावाने सुरू झाली. मंत्री ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करू शकतो. दोन्हींचे वजन कायद्यात सारखेच. अल्पसंख्याक म्हणून आपले संरक्षण याच व्यवस्थेत आहे. बहुसंख्यांची श्रद्धा हीच सत्तेची कसोटी ठरली, तर आपली जागा कोठे राहील?

मग श्रद्धेला काही कामच नाही काय? आहे. मी श्रद्धावान आहे. कोणी पाहत नसताना कोणीतरी पाहतो आहे, हिशेबाचा एक दिवस आहे, ही जाणीव मला अनेकदा सावरून गेली. परंतु ती माझ्यावरची चौकी आहे. ती दुसऱ्याच्या दारात नेऊन बसवण्याचा परवाना मला मिळालेला नाही.

त्या तरुणाची आठवण येते. एक खोटे "होय" म्हटले असते, तर त्याला नोकरी मिळाली असती. ज्याला अल्लाची भीती नाही असे आम्ही ठरवले, तो नुकसान सोसून खरे बोलला. आणि ज्यांना ती आहे असे आम्ही मानत होतो, ते आम्ही खरे ठाऊक असून गप्प बसलो. त्या खोलीत नीतीचा पाठ कोणी दिला?

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेत पर्यवेक्षकांची पाठ वळते, तेव्हा तुमचा हात कोठे जातो, यावर तुमची परीक्षा आहे. पदाधिकारी बंधूंनो, पुढच्या मुलाखतीत उमेदवाराला एवढेच विचारा : कोणी पाहत नसताना पोरांचे पेपर नीट तपासाल ना? आणि उमेदवार आत येण्यापूर्वी तसाच एक प्रश्न आपण स्वतःला विचारू या.

खुदा हाफिज.