दारातला तगादा, घरातले मौन

(पुण्यात कुटुंब प्रबोधनाच्या एका कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ठरवताना संयोजकांना थोडा संकोच वाटत होता. कुटुंबाच्या मेळाव्यात संस्कारांवर बोलावे, आहारावर बोलावे, मुलांच्या शिक्षणावर बोलावे. तेथे क्रेडिट कार्डाचे कर्ज आणि वसुलीवाले हा विषय शोभेल का, असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, शोभेल की नाही ते ठाऊक नाही, पण उपयोगी नक्की पडेल. माझी सारी नोकरी बँकेत गेली आणि त्यातील बरीच वर्षे थकबाकी विभागात गेली. टेबलाच्या त्या बाजूला बसून जे पाहिले, तेच आज या बाजूला बसलेल्यांना सांगणार आहे.

प्रारंभी एक प्रसंग सांगतो. कुटुंब माझ्या परिचयाचे, कोथरूडमधले. वडील निवृत्त शिक्षक, मुलगा हिंजवडीला संगणक कंपनीत, सून घरी शिकवण्या घेणारी. मुलाकडे दोन क्रेडिट कार्डे होती. पगार चांगला होता तोवर सारे सुरळीत चालले. एके दिवशी नोकरी गेली. घरी सांगण्याची हिंमत झाली नाही. रोज सकाळी डबा घेऊन तो बाहेर पडे आणि सायंकाळी वेळेवर परत येई. घरखर्च कार्डावर चालला होता. एका कार्डावरून पैसे काढून दुसऱ्याचा हप्ता भरला जात होता. पाच महिन्यांनी एका दुपारी दोन माणसे दारात उभी राहिली. त्यांचा आवाज जिन्यापर्यंत गेला, शेजारची दारे उघडली, आणि घरातील माणसांना जे पहिल्यांदा कळायला हवे होते ते सर्वांत शेवटी कळले.

त्या रात्री वडील मुलाला एवढेच म्हणाले, "पैशांचं बघू आपण. पाच महिने तू डबा कुठे बसून खात होतास?" तो म्हणाला, "सारसबागेत." आणि मग सगळे घर रडले.

हे घर सावरले. सगळीच घरे सावरत नाहीत, म्हणून हा विषय.

प्रथम हिशेब पाहू. भावनेच्या भरात आपण हिशेब टाळतो आणि कार्डाचा धंदा नेमका त्यावरच चालतो. समजा, कार्डावर १,००,००० रुपये थकले आहेत. दरमहा साडेतीन टक्के हा कार्डांवर सर्रास आढळणारा दर. 'साडेतीन' हा आकडा कानाला लहान वाटतो, पण वर्षाचे ते ४२ टक्के होतात. पहिल्या महिन्याचे व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के कर ६३० रुपये, म्हणजे ४,१३० रुपये. बिलावर 'किमान देय रक्कम' म्हणून ५,००० रुपये छापलेले असतात. आपण ते निष्ठेने भरतो आणि हप्ता गेला म्हणून निश्चिंत होतो. प्रत्यक्षात मुद्दल फिटले ते फक्त ८७० रुपये. कार्ड पुन्हा न वापरता दरमहा ५,००० रुपये भरत राहिले, तरी कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागतो आणि एक लाखापोटी सुमारे २,१६,००० रुपये जातात. तेच दरमहा १०,००० रुपये भरले, तर तेरा-चौदा महिन्यांत सुमारे १,३२,००० रुपयांत सुटका होते. शिवाय बिल पूर्ण भरले नाही की बिनव्याजी मुदतीची सवलत जाते आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. कार्डावर रोख रक्कम काढली, तर तिच्यावर ते पहिल्या दिवसापासून लागतेच.

आपल्या परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. 'दामदुप्पट' हा शब्द जुन्या मंडळींना आठवत असेल. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक मागता येणार नाही, असा तो नियम. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ही मर्यादा आली आहे आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत ती मानली. कर्ज बुडवू नये हे जसे धर्माने सांगितले, तसेच धनकोनेही कोठे थांबावे हे सांगितले. साडेतीन टक्क्यांचे चक्रवाढ व्याज भरलेच नाही, तर ही दामदुपटीची वेस साधारण वीस महिन्यांत ओलांडली जाते.

आजचा कायदा ही वेस मानत नाही. बँकेने आकारलेला व्याजदर अवाजवी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयाला जुना व्यवहार उकरता येणार नाही, अशी तरतूद १९८४ मध्ये बँकिंग नियमन कायद्यात आली. कार्डाच्या थकबाकीवर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे अनुचित आहे, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने ७ जुलै २००८ रोजी दिला होता. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तेव्हा बाहेरून कोणी मर्यादा घालून देईल, या भरवशावर राहता येणार नाही. ती मर्यादा घरानेच घालायची आहे.

आता तगाद्याकडे वळू. पुण्याला तगादा नवा नाही. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात 'तकाजा' या प्रकाराचे वर्णन आहे. धनको ऋणकोला घराबाहेर पडू देत नसे, जेवू देत नसे, प्रसंगी उन्हात बसवी. ऋणको वजनदार असेल तर धनको त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, दारात आरडाओरडा करी, उपास धरून बसे. आणि हे सारे करण्यासाठी तो भाड्याने माणसेही लावी! दोनशे वर्षांपूर्वीचे हे वर्णन वाचताना आजचा वसुली एजंट डोळ्यांसमोर उभा राहतो. माणसाच्या अब्रूवर बोट ठेवले की तो उसने घेऊनही पैसे देतो, हे त्या काळीही ठाऊक होते.

आणि याच पुणे जिल्ह्यात १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांचा रोख कागदांवर होता. कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली. ज्या कागदावर अंगठा उमटवला त्यात काय लिहिले आहे, हे शेतकऱ्याला कधी कळलेच नव्हते. त्या दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले.

तो शेतकरी निरक्षर होता. आमचा मुलगा अभियंता आहे. तोही मोबाईलवर अंगठाच उमटवतो आणि अटींची वीस पाने न वाचता 'मान्य' म्हणतो. दोघांत फरक तो काय राहिला?

मात्र आज आपल्या बाजूने काही नियम आहेत. ते ठाऊक नसल्यामुळे माणसे घाबरतात. कार्डाचे पैसे न भरता येणे हा दिवाणी स्वरूपाचा विषय आहे. केवळ तेवढ्यावरून पोलीस अटक करत नाहीत. "संध्याकाळपर्यंत वॉरंट येईल" असे फोनवर सांगणारा खोटे बोलत असतो. प्रामाणिकपणे फेडण्याची ऐपतच नसलेल्या माणसाला कर्जापोटी तुरुंगात धाडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. धनादेश न वटणे ही गोष्ट निराळी. तो गुन्हा ठरू शकतो. म्हणून खात्यात पैसे नसताना दडपणाखाली कोणालाही धनादेश लिहून देऊ नये. न्यायालयाची नोटीस आली तर ती मात्र दडवू नये. वकील गाठावा आणि तारखेला हजर राहावे.

वसुलीसाठी गुंड पाठवणे कायद्याच्या राज्यात चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये वसुली एजंटांसाठी नियम घातले आणि १२ ऑगस्ट २०२२ रोजी ते अधिक स्पष्ट केले. सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक आणि मित्रांना त्रास हे सारे वर्ज्य आहे. एजंटाच्या वर्तनाची जबाबदारी बँकेवर असते. "तो आमचा माणूस नाही" असे म्हणून बँकेला हात झटकता येत नाहीत.

तेव्हा दारात माणूस आला तर शांतपणे त्याचे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागावे. त्याचे नाव, तारीख आणि वेळ वहीत टिपावी. त्याला घरात घेण्याचे बंधन नाही. रोख रक्कम हातात देऊ नये. भरणा थेट बँकेकडे करावा आणि पावती जपावी. उद्धट वर्तन झाल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही वा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही. धमकी वा मारहाणीचा प्रसंग आला तर थेट ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. आपल्याच पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, ते ग्राहकाने एकट्याने झगडू नये म्हणूनच.

पण हक्क सांगताना कर्तव्य विसरले, तर माझे बोलणे अपुरे राहील. घेतलेले फेडायचे आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या समाजाला ऋण बुडवण्याची युक्ती शिकवायला मी आलेलो नाही. फेडण्याचा मार्ग सांगतो. पहिले म्हणजे कार्ड त्या दिवसापासून बंद ठेवावे. दुसरे, घरातील सर्वांनी एकत्र बसून एका कागदावर सर्व देणी, त्यांचे व्याजदर आणि महिन्याची खरी मिळकत लिहावी. तिसरे, महाग कर्ज स्वस्त कर्जाने फेडावे. ठेवीवर, विमा पॉलिसीवर, सोन्यावर मिळणारे कर्ज किंवा सहकारी बँकेचे वैयक्तिक कर्ज कार्डापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. कपाटात दागिने आणि कार्डावर ४२ टक्के, हा हिशेब कोणत्याही गृहिणीला विचारा, ती तो क्षणात निकालात काढील. चौथे, बँकेला स्वतःहून लेखी कळवून हप्ते बांधून मागावेत. तडजोडीची रक्कम ठरलीच तर बँकेचे पत्र हाती आल्याशिवाय पैसे भरू नयेत, आणि अशा तडजोडीची नोंद पतअहवालात राहते हे ध्यानात ठेवावे.

एक मार्ग मात्र कधीही धरू नये. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणारी अनधिकृत ॲप आपल्या फोनमधील सर्व नावे उचलतात आणि सगळ्या गोतावळ्यात बदनामी करतात. डिसेंबर २०२० मध्ये तेलंगणातील रचाकोंडा पोलिसांनी अशाच प्रकरणात पुण्यातील एका कॉल सेंटरवर कारवाई केली. म्हणजे धमकावणारे आवाजही आपल्याच शहरातून निघत होते. तरुण मुलांच्या आईवडिलांनी याचाही विचार करावा. पगार मिळतो म्हणून कोणाच्या आईला फोनवर शिव्या देण्याचे काम आपल्या मुलाने स्वीकारावे का?

वडिलांच्या कार्डाचे देणे मुलाला फेडावे लागते का, असेही विचारले जाते. पूर्वी हिंदू कायद्यात वडिलांचे कर्ज फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य मानले जाई. २००५ च्या दुरुस्तीने केवळ त्या आधारावर मुलावर दावा लावणे बंद झाले. वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच राहते. त्याहून अधिक फेडायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्या मनाने ठरवावे, एजंटाने नव्हे.

शेवटी, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. थकबाकी विभागात असताना मी अनेक कर्जदार पाहिले. मोठ्या रकमेखाली दबलेला पण बायकोला बरोबर घेऊन आलेला माणूस तरून जाई. थोड्या रकमेचा, पण एकटा येणारा, घरी पत्र पाठवू नका म्हणून हात जोडणारा माणूस पाहिला की माझ्या पोटात गोळा येई. वसुलीवाल्याच्या हातातील खरे शस्त्र "घरी सांगू का?" हे आहे. घरी आधीच सांगितलेले असेल, तर ते शस्त्र त्याच्या हातून गळून पडते.

म्हणून या सभागृहातील प्रत्येक वडिलांना आणि आईला माझी विनंती आहे. आज घरी गेल्यावर मुलांना एवढे सांगा की पैशांची चूक झाली तर या घरात ती बोलता येते. आपल्या शाखेतील, सोसायटीतील कोणी अचानक अबोल झाला, फोन वाजला की दचकू लागला, तर त्याच्याकडे चहाला जा. त्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार डोकावत असेल तर त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा शासनाचा टेली-मानस क्रमांक आहे. तो स्वतः लावून त्याच्या हातात द्या.

कोथरूडच्या त्या घराने सूनबाईंच्या बांगड्या तारण ठेवल्या, वडिलांनी एक ठेव मोडली, मुलाने कमी पगाराची नोकरी धरली. अडीच वर्षे लागली. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी वडिलांनी डबा भरायला सांगितला आणि सारे कुटुंब सारसबागेत जाऊन एकत्र जेवले.